विकायच्या घराच्या अंगणात सात लाख घालावेत का?

बडोद्याहून, करेलीबागेतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमानांनी १९८४ साली बांधलेलं टेनामेंट, म्हणजे सोसायटीतलं स्वतंत्र घर, पुढे अंगण, बाजूला मार्जिनची, म्हणजे मोकळ्या जागेची पट्टी. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, मुलगी पुण्यात असते. घर विकून तिच्याजवळ ८० लाखांपर्यंतचा फ्लॅट घ्यायचा विचार आहे. दलाल ८५ लाख सांगतो. भाचा म्हणतो, "मावशी, दर्शनी बाजू सुधारली की एक कोटी कुठे गेले नाहीत." त्याने काढलेला खर्च ७ लाखांचा: अंगणभर पेव्हर ब्लॉक, लॉन, पुढच्या भिंतीला स्टोन क्लॅडिंग (दगडी लाद्यांचं आवरण), सरकतं गेट. पैसे यायचे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या १५ लाखांतून. ताई विचारतात, काढू का?

ताई, नका काढू. घर बाहेरून नीटनेटकं जरूर करा, पण ते ७५-८० हजारांत होतं आणि तेवढे तुमच्या बचत खात्यात आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या योजनेचं खातं ८.२ टक्क्यांचं आहे, म्हणजे दर तिमाहीला ३०,७५० रुपये हातात येतात. त्यातून फक्त ७ लाख काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेलीत, म्हणून एक टक्का कापतील, म्हणजे १५ हजार. तेही सोसू. पण घर विकायला सहा महिने लागले, वर्ष लागलं, तर तोवर घरखर्च कशावर? आणि हातात पैसा नसलेल्या माणसाशी गिऱ्हाईक कसं घासाघीस करतं, हे मी वेगळं सांगायला नको.

आता भाचा म्हणतो तसे ८५ लाखांचे एक कोटी, म्हणजे १५ लाख, खरोखर वाढतील का ते पाहू. चाळिशी उलटलेल्या टेनामेंटला दोन प्रकारची माणसं येतात. एक राहायला येणारी. दुसरी, पाडून नवं डुप्लेक्स बांधणारी. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला जमीन किती, रस्ता किती रुंद, बांधकाम किती चढवता येईल, एवढंच बघायचं असतं. तुमचं स्टोन क्लॅडिंग तो आधी उतरवेल. जुन्या सोसायटीत ८५ लाखांमधला मोठा वाटा बहुधा जमिनीचाच असतो. म्हणून कारागीर बोलावण्याआधी, भाच्याच्या ओळखीचे नसलेले दोन-तीन दलाल गाठा आणि एकच विचारा: पाडायला घेणारा काय देईल आणि राहायला घेणारा काय देईल? दोन्ही आकडे जवळजवळ आले, तर दर्शनी भागाला किंमत नाही असं समजा. भाच्याला इतकी खात्री असेल, तर पैसे त्याने घालावेत आणि ८५ च्या वर जे मिळेल त्यातला निम्मा वाटा घ्यावा. बघा काय म्हणतो ते.

"टॅक्समध्ये वजा होईल" हेही त्यानेच सांगितलंय. अर्धं खरं आहे. घराची भांडवली सुधारणा नफ्यातून वजा होते. रंगरंगोटी, डागडुजी होत नाही. म्हणजे ७ लाखांतले काही तर आधीच गळाले. सगळे धरले तरी १२.५ टक्के कर आणि त्यावरचा सेस मिळून वाचतात ९१ हजार. आणि तुमच्या बाबतीत तेही नाहीत. २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो, मात्र त्या दिवशीच्या जंत्रीपेक्षा, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरापेक्षा, जास्त नाही. तो समजा ६ लाख निघाला, तर नफा ७९ लाख. तुम्ही ८० लाखांचं घर विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घेणार, आणि नवं घर घेण्यात गेलेल्या नफ्यावर कर नसतो, म्हणजे कर शून्य. शून्यातून काय वजा करणार? मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून २००१ चा भाव लिहून घ्या, ती फी मात्र सत्कारणी लागेल.

आता ७५ हजारांत काय करायचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत गच्चीच्या कठड्यावर, पाण्याच्या पाइपाजवळ पिंपळाचं रोप दिसतंय, हातभर उंचीचं. खाली भिंतीवर ओलीचा काळा ओघळ थेट ओट्यापर्यंत आलाय. जाणकार माणूस फाटकात उभा राहून आधी तेच बघतो, मग आतलं कितीही चकचकीत असो. ते रोप नुसतं छाटू नका, मुळासकट काढून भेग भरून घ्या, पाइप बदला, भिंत पूर्ण वाळू द्या आणि मगच पुढच्या बाजूला रंग. ओल्या भिंतीवरचा रंग दोन महिन्यांत पोपडे धरतो. फाटकाचा गंज घासून ऑइलपेंट, फुटलेल्या चार-पाच कोटा फरशा, मार्जिनमधलं भंगार, ओट्यावर चांगला दिवा. जास्वंद आणि मोगरा छाटून घ्या, तुळशीवृंदावनाला चुना. लॉन नको, बडोद्याच्या मे महिन्यात ते रोज पाणी मागेल. जुन्या फरशीवरच पेव्हर तर मुळीच नको. अंगणाची पातळी वर येते आणि पावसाचं पाणी रस्त्याकडे जायचं सोडून ओट्याकडे वळतं.

ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात अंगणात गुडघाभर पाणी होतं, कंपाउंडच्या भिंतीवर खूण आहे, असंही तुम्ही लिहिलंय. खूण रंगवा, पण विचारलं तर खरं सांगा. बडोद्यात आता प्रत्येक गिऱ्हाईक हे शेजाऱ्यांना विचारतंच. आणि ओल दडवण्यासाठी टेक्स्चर मारायचं असेल, तर लक्षात ठेवा, गिऱ्हाइकाला सहज न दिसणारा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो, असं मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा म्हणतो.

खरा अडथळा मला अंगणात दिसत नाही, कागदांत दिसतो. प्रॉपर्टी कार्डावर अजून यजमानांचंच नाव आहे आणि मृत्युपत्र नाही. म्हणजे वारस तुम्ही आणि मुलगी दोघीही, आणि सासूबाई हयात असत्या तर त्याही. सिटी सर्व्हेत वारसाई, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वेरा बिल (घरपट्टी), सगळीकडे नावं लागायला हवीत. मुलीला हिस्सा तुमच्या नावे करायचा असेल तर हक्क कमीचा, म्हणजे हक्क सोडल्याचा दस्त आधी नोंदवा; नाहीतर विक्रीला तिची सही लागेल आणि नफाही दोघींत वाटला जाईल. वकिलाला हे काम आजच द्या. कागद चोख असले तर गिऱ्हाइकाचं बँकेचं कर्ज अडत नाही, आणि कर्ज घेऊन येणारं गिऱ्हाईकच बहुधा राहायला घेतं.

भाव ठरवताना जंत्री बघा. १५ एप्रिल २०२३ ला तिच्यातले जमिनीचे दर दुप्पट झाले. तुमच्या विक्रीच्या किमतीपेक्षा ती दहा टक्क्यांहून जास्त निघाली तर कर जंत्रीवर धरतात. आणि "थोडे रोख घ्या" म्हणणाऱ्याला नमस्कार करा, २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीत घेतले तर तेवढाच दंड बसू शकतो.

रंगकाम पाऊस उघडल्यावर, नवरात्राच्या आसपास करा आणि दसऱ्यापासून घर दाखवायला काढा. बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, दिवाळीनंतर लगेच झालं तर उत्तम. डिसेंबरच्या मध्याला कमुरतं, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य दिवस, बसली की उत्तरायणापर्यंत (संक्रांतीपर्यंत) फार कोणी दस्तावेजाचं नाव काढत नाही, तेव्हा त्या महिन्यात फोन आले नाहीत म्हणून भाव खाली आणू नका.