रिलीज मेडिकल बोर्डाचा निष्कर्ष विरोधात गेला असेल तर
तुमचा उच्च रक्तदाब सेवेमुळे उद्भवला नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही, असे मत देऊन रिलीज मेडिकल बोर्डाने (सैन्यातून सेवामुक्त होताना जवानाची तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाने) अपंगत्व पेन्शनचा मार्ग अडवला असेल, तर सर्वप्रथम बोर्डाच्या कार्यवाहीची संपूर्ण प्रत मागवा आणि त्या मतासाठी नेमके कोणते कारण दिले आहे ते वाचा. अनेकदा तिथे एकच ठोकळेबाज वाक्य असते आणि तुमच्या अपिलाचा खरा आधार तेच ठरते. धर्मवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे लागते आणि बोर्डाला आपल्या मताची कारणे द्यावी लागतात. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत, त्यामुळे आपली निवृत्ती कोणत्या नियमांत बसते हे आधीच तपासा. याकडे दुर्लक्ष करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उंचावरील तैनातीच्या तारखा, पहिले निदान आणि वैद्यकीय श्रेणी बदलल्याच्या नोंदी अपिलाला जोडा. खात्याकडे केलेले पहिले आणि त्यानंतरचे दुसरे, अशी दोन्ही अपिले फेटाळली गेल्यास अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.