आई-बाबा दोघेही बी पॉझिटिव्ह, मग मुलगी ओ निगेटिव्ह कशी?

ताई, "आमच्याकडे तर कुणाचाच निगेटिव्ह नाही" हे तुमच्या सासूबाईंचं वाक्य रक्तपेढीच्या खिडकीशी मी कितीदा ऐकलंय! लॅब चुकली असेलच असं नाही. दोघंही बी पॉझिटिव्ह असताना मुलगी ओ निगेटिव्ह होऊ शकते.

आम्ही स्लाइडवर रक्ताचे तीन थेंब घेतो. त्यात तपासणीची द्रव्यं टाकतो: एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात बिनरंगी अँटी-डी, ज्यावरून पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते कळतं. पिवळ्याच्या थेंबात रक्त नासलेल्या दुधासारखं दाणेदार झालं, निळ्यात नाही झालं, की कार्डावर 'बी'. पण रक्तगटाची जनुकं जोडीनं असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बीच्या जोडीला दुसरं बीच आहे की ओ, हे त्या थेंबात दिसत नाही. ओ असलं तरी बी त्याला झाकून टाकतं. पॉझिटिव्हच्या आड निगेटिव्हही असंच दडतं.

तुम्हा दोघांकडेही ओ आणि निगेटिव्ह दडलेले असणार. मुलीला दोन्हीकडून ओ मिळण्याची शक्यता ४ मध्ये १, दोन्हीकडून निगेटिव्ह मिळण्याचीही ४ मध्ये १. ए-बी-ओ गट ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं (आरएच) पहिल्यावर, त्यामुळे एकाची वाटणी दुसऱ्यावर अवलंबून नाही. दोन्ही एकदम जुळायचं म्हणजे १६ मध्ये १. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं वाटाण्यात हेच मोजलं होतं. तिथे सुरकुतलेपणा आणि हिरवा रंग असेच दडून राहतात. सगळी गोल-पिवळ्या दाण्यांतून उगवलेली संकरित झाडं, त्यांना ५५६ दाणे आले आणि त्यातले ३२ सुरकुतलेलेही होते, हिरवेही. तुमची लेक त्या ३२ मधली! (दुसऱ्या बाळाच्या वेळी हा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. एकदा झालं म्हणून आता होणार नाही, असं नसतं.)

तपासणी जन्मल्या जन्मल्या केली असेल तर वर्षभरानं एकदा पुन्हा करून घ्या. निगेटिव्ह पक्कं झालं तर फाइलवर ठळक लिहून ठेवा. पुढे तिच्या बाळंतपणात डॉक्टरांना अँटी-डी इंजेक्शनचा (बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात त्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून देतात ते) विचार करावा लागेल.

आणि सासूबाईंचं स्वतःचं कार्ड जरा बघा. त्यांचा गट ए किंवा ओ निघाला, तर त्यांच्याकडे द्यायला बी नाहीच, म्हणजे तुमच्या नवऱ्याकडचा ओ त्यांच्याकडूनच आलाय.