‘मुका मार’ किरकोळ नसतो

आपण विचारले आहे की, ‘मुका मार’ यातील ‘मुका’ हा ठोसा या अर्थाच्या ‘मुक्का’ शब्दापासून आला काय, आणि या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘किरकोळ मार’ असा घ्यावा काय. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसरा गैरसमज तर अपघाताच्या बातम्यांनी इतका रुजवला आहे की, ‘सुदैवाने चालकाला केवळ मुका मार लागला’ हे वाक्य वाचताना त्यातले ‘केवळ’ आता कोणालाही खटकत नाही.

मुक्का-पक्षाचे विद्वान व्याकरणाच्या पहिल्याच पायरीवर अडखळतात. ‘मुक्या माराने अंग ठणकते’ असे आपण म्हणतो. म्हणजे ‘मुका’ हे विकारी विशेषण आहे. ठोशांचाच मार असता तर ‘मुक्क्यांचा मार’ म्हणावे लागले असते. शिवाय माडावरून पडलेल्या माणसाला कोणी ठोसे लगावलेले नसतात, तरी त्याला लागतो तो मुका मारच.

हा ‘मुका’ संस्कृत ‘मूक’पासून आलेला आहे. कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही, म्हणून मार बोलत नाही. याच्या जोडीला ‘बधिर’ हा शब्द ठेवून पाहावा. संस्कृतात ‘बधिर’ म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. त्याचे तद्भव रूप ‘बहिरा’ मराठीत कानापाशीच राहिले, तत्सम रूप मात्र कातडीवर उतरले. म्हणूनच दात काढण्यापूर्वी डॉक्टर हिरडी बधिर करतात, बहिरी करत नाहीत. कानाचे वैगुण्य स्पर्शाला दिले आणि जिभेचे वैगुण्य दुखापतीला दिले, ही माझ्या मते एकाच कल्पनेची दोन अपत्ये आहेत. हिंदीत याच माराला ‘गुम चोट’ म्हणतात आणि त्यातला ‘गुम’ हा फारसी शब्द ‘हरवलेला’ या अर्थाचा आहे. मला मराठी शब्द अधिक नेमका वाटतो, कारण मुका माणूस बोलत नसला तरी खुणा करतो.

त्या खुणा ओळखता येणे हीच तातडीच्या उपचारातली खरी परीक्षा असते. समजा, दुचाकीचे हँडल डाव्या बरगड्यांच्या खालच्या भागावर आदळले आहे. स्वार उठून बसतो, पाणी मागतो (ते देऊ नये), आणि पोटावर एक फिकट वळ तेवढा दिसतो. थोड्या वेळाने तो डावा खांदा दुखत असल्याचे सांगतो, जरी खांद्याला काहीच लागलेले नसते. प्लीहा (डाव्या बरगड्यांमागचा रक्ताने भरलेला अवयव) फाटून वाहिलेले रक्त छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला लागले की ती वेदना खांद्यात उमटते. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, माणूस बेचैन होतो. रक्तदाब मात्र धडधाकट तरुणात 30 टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतो, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर विसंबणारा फसतो.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, सद्योव्रणांच्या म्हणजे ताज्या जखमांच्या अध्यायात, कोठ्यात रक्त साचलेल्या अशा रुग्णाला ‘अंतर्लोहित’ म्हटले आहे. पांढुरका पडलेला वर्ण, गार हातपाय आणि तोंड, गार उच्छ्वास, लाल डोळे आणि फुगलेले पोट ही त्याची लक्षणे सांगून असा रुग्ण असाध्य म्हणून सोडावा, असा निर्वाळा तेथे दिलेला आहे. आज शस्त्रक्रिया करून आणि रक्त चढवून त्यातले अनेक रुग्ण वाचवता येतात. पण हातपाय गार पडण्याची खूण आजही तितकीच खरी आहे.

इतका नेमका शब्द हाताशी असताना आमच्या परिभाषापंडितांनी इंग्रजी ‘ब्लंट ट्रॉमा’साठी ‘बोथट आघात’ ही जोडी कशासाठी घडवली, हे मला उमगलेले नाही. बोथट असते ते हत्यार. आघात बोथट म्हटला की तो सौम्य असावा असे वाटते, म्हणजे ‘केवळ’वाल्या बातमीदारांच्या चुकीला शास्त्राचाही शिक्का मिळतो. दुखापतीला ‘मुका मार’ आणि आतल्या रक्तस्रावाला ‘अंतर्लोहित’ म्हणावे. बातमीत ‘मुका मार लागला’ यापुढे ‘त्यामुळे घरी सोडण्यात आले’ असे नव्हे, तर ‘त्यामुळे देखरेखीखाली ठेवण्यात आले आहे’ असे वाक्य यायला हवे.