वाचकांचे प्रश्न : ‘शारदा’ आज कशासाठी वाचावे?

प्रश्न : आमच्या वाचनगटात नुकतेच ‘संगीत शारदा’ वाचले. जरठ-बालाविवाहाची, म्हणजे म्हाताऱ्याशी लहान मुलीचे लग्न लावण्याची चाल मागे पडली, कायदाही झाला, मग आता हे नाटक कशासाठी, असे गटातल्या तरुण मुलींनी विचारले. कायद्याचे नाव या नाटकावरूनच पडले ना?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आधी नावाविषयी. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, ते तो मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्या आडनावावरून. गोविंद बल्लाळ देवलांचे नाटक त्याच्या तीस वर्षे आधीचे, म्हणजे १८९९ चे आहे. आपल्या नाशकात तर या नाटकाची आठवण निघते ती २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीमुळे. त्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्या इतिहासापुढे शारदेची स्वतःची कहाणी आपल्या गावात मागेच राहिली, याची मला रुखरुख वाटते.

आता मुलींच्या प्रश्नाकडे वळतो. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी पाऊणशे वर्षांच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, हे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु ते लग्न कशामुळे मोडते, इकडे आपले लक्ष जात नाही. शारदा ‘नको’ म्हणते म्हणून ते मोडत नाही, आईच्या विनवण्यांनीही मोडत नाही, तर वधू-वर सगोत्र असल्याचे कोदंड हा तरुण उघडकीस आणतो म्हणून मोडते. गोत्र निराळे असते तर त्या मांडवात तिच्या बाजूने बोलायला कोणता आधार उरला असता? मला या नाटकात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा हीच वाटते.

आज गोत्राच्या जागी वयाचा दाखला आला आहे. मुलगी अठराची नसेल तर लग्न थांबवता येते. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचे लग्न शेती, नोकरी, फ्लॅट बघून बैठकीत पक्के होते, सुपारी फुटते, आणि ती आत चहाचे कप भरत असते. तिच्या गप्प राहण्याला घरात होकार म्हणतात. नाटकातल्या भद्रेश्वर दीक्षितासारखे लग्ने जुळवणारे मध्यस्थही संपलेले नाहीत.

पुढच्या बैठकीत लग्न ठरण्याचे प्रवेश पुन्हा मोठ्याने वाचा, आणि शारदेला तिचे मत कोण, केव्हा विचारतो, तेवढ्या ओळींखाली मुलींना पेन्सिलीने रेघ मारायला सांगा.