लेख साठवून ठेवायचं पॉकेट हे ॲप बंद झालं. लेख नंतर वाचायला साठवायचे आहेत, पण आपण काय वाचतो हे इतरांना कळू नये. काय वापरावं?

तुमची शंका अगदी रास्त आहे. मी वडोदऱ्याचा, डांडिया बाजारात राहतो. नोकरी अहमदाबादला, म्हणजे रोजचं अपडाउन. वाटेत फोनची रेंज येते-जाते, त्यामुळे सकाळच्या गाडीत वाचायचं ते रात्रीच उतरवून ठेवायचं, अशी जुनी सवय.

मध्यंतरी मी वापरत होतो ती सेवा (नाव घेत नाही) सोडायची ठरवली आणि माझा सगळा साठा मागवून घेतला. फाइल आली ती नुसत्या लिंकांची, लेख एकही नाही. त्यातल्या बऱ्याच लिंका मेलेल्या. पण मी खरा चरकलो तो यादी वाचताना. साखर वाढली की पायाला मुंग्या का येतात, शैक्षणिक कर्जाला जामीन राहावं का, पन्नाशीत नोकरी गेली तर काय... आणि प्रत्येकापुढे तारीख! जे बायकोलाही बोललो नव्हतो ते कुठल्याशा कंपनीच्या कपाटात सहा वर्षं पडून होतं.

तेव्हापासून ॲपवाले गोपनीयतेबद्दल काय लिहितात ते मी शेवटी वाचतो. आधी दोन गोष्टी बघतो: लेखाची प्रत नेमकी कुठे राहते, आणि उद्या बिऱ्हाड हलवायची वेळ आली तर ती सोबत नेता येते का. कारण ही वेळ येतेच. पॉकेट मोझिलाने २०१७ मध्ये विकत घेतलं आणि जुलै २०२५ मध्ये बंद केलं. ऑम्निव्होर हे तसंच दुसरं ॲप तर मुक्त स्रोत होतं, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता-वापरता येत होता, लोक त्यावर खूश होते, तरी २०२४च्या नोव्हेंबरात त्याची सेवा गुंडाळली गेली आणि सामान हलवायला लोकांना जेमतेम काही आठवडे मिळाले.

संगणकाशी झटापट नको असेल तर वॉलबॅग घ्या. फ्रान्समध्ये २०१३ साली सुरू झालेला हा मुक्त स्रोत प्रकल्प. आधी त्याचं नाव ‘पोश’ होतं. फ्रेंचमध्ये पोश म्हणजे खिसाच, आणि खिसा म्हणजे पॉकेट, त्यामुळे नाव बदलणं भाग पडलं! वॉलबॅग डॉट इट ही त्यांची सेवा वर्षाचे पैसे घेते. मला ते बरं वाटतं; फुकट असेल तर खर्च कुठून भागवतात हा किडा डोक्यात वळवळत राहतो. फोनवर लेख उतरवून वाचता येतात, ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, करून बाहेरही काढता येतात. मात्र एक ध्यानात ठेवा: लेख त्यांच्या सर्व्हरवर असतात आणि सर्व्हर चालवणाऱ्याने मनात आणलं तर ते त्याला दिसू शकतात. तुमच्या कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे आहेच. भरवसा ठेवायचा तो हे धरून.

मी स्वतः रीडेक नावाच्या अशाच दुसऱ्या प्रोग्रॅमवर आलो, तो आपल्याच संगणकावर चालतो. मुलीचा जुना लॅपटॉप कपाटात धूळ खात होता, त्यावर चालवतो. एकच प्रोग्रॅम उतरवायचा, सुरू करायचा आणि ब्राउझरमध्ये उघडायचा, एवढंच. प्रत्येक लेख चित्रांसकट झिप फाइलमध्ये राहतो. ही चित्रांची गोष्ट बारीक वाटते, पण तशी नाही. मजकूर आपल्याकडे आणि चित्रं मूळ साइटवरून येणार असतील, तर आपण लेख उघडला की त्या साइटला पत्ता लागतोच. वॉलबॅग त्यांच्या सेवेऐवजी स्वतःच्या संगणकावर चालवलं तर चित्रं उतरवून ठेवायचा पर्याय आहे, पण तो आपण चालू करावा लागतो. रीडेकमध्ये हा प्रश्नच येत नाही.

अर्थात घरचा लॅपटॉप गाडीतून दिसत नाही. तो बाहेरून उघडता यावा अशी व्यवस्था करता येते, पण त्या भानगडीत मी पडलो नाही. रात्री जेवणानंतर आठ-दहा लेखांचं एक ईपब काढतो, फोनवर टाकतो आणि झोपतो. सकाळी गाडी सुटली की पुस्तकासारखं वाचत जातो. यात फोनवरच्या कुठल्याच कंपनीला काही विचारावं लागत नाही.

महिन्याला चार-पाचच लेख साठवत असाल तर एवढा खटाटोपही नको. ब्राउझरमध्ये सिंगलफाइल नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, टाका. समोरचं पान जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरतं. ती फोल्डरमध्ये ठेवली की झालं. खातं नाही, पासवर्ड नाही.

मराठी वाचणाऱ्याला दोन अडचणी येतात, त्या आधीच सांगतो. वर्तमानपत्रांचे ई-पेपर बहुधा चित्ररूपात असतात, त्यातून या साधनांना मजकूर काढता येत नाही. आणि युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या काळातल्या, स्वतःचा फॉन्ट वापरणाऱ्या साइटी साठवल्या की नुसती अक्षरांची भेळ हाती येते. तिथे सरळ पीडीएफ काढून ठेवा.

आणि व्हॉट्सॲपवर आलेली लिंक साठवताना तिचं शेपूट बघा. प्रश्नचिन्हापुढे ‘यूटीएम’ (utm) किंवा ‘एफबीसीएलआयडी’ (fbclid) अशी रोमन अक्षरं दिसली तर तेवढा भाग छाटून टाका. तुम्ही कुठून आलात हे सांगण्यापलीकडे त्याला काम नसतं. क्वचित एखाद्या साइटवर प्रश्नचिन्हापुढेच लेखाचा क्रमांक असतो, तो मात्र राहू द्या, नाहीतर पान उघडणार नाही.