ग्रुप थिअरी गणिताबाहेरच्या माणसाला कशी समजावून सांगावी?

दहावीनंतर गणित सुटलेल्या माणसाला ग्रुप थिअरी, म्हणजे पुस्तकातला गट सिद्धांत, कसा सांगायचा, असं तुम्ही विचारलंय. व्याख्येने सुरुवात करू नका. चार नियम फळ्यावर आले की ऐकणारा हातचा गेलाच.

पुठ्ठ्याचा चौरस तुकडा कापा. कोपऱ्यांवर क्रमाने अ, ब, क, ड लिहा, मागच्या बाजूलाही त्याच कोपऱ्याला तेच अक्षर. टेबलावर खडूने चौकट आखा. तुकडा उचलून पुन्हा चौकटीत नेमका बसवायच्या रीती आठ : चार फिरवण्याच्या, चार उलटवण्याच्या. या आठ क्रिया मिळून एक ग्रुप. फिरवण्याच्या चारांत ‘काहीच न करणं’ धरलंय. लोक नेमकं तेच विसरतात. पण पाव फेरी उजवीकडे, मग पाव फेरी डावीकडे, याचं उत्तर यादीत कुठेतरी असायला हवं ना!

आता क्रम. अ वर डावीकडे ठेवा. उजवीकडे पाव फेरी द्या, मग चौकटीच्या मधोमध जाणाऱ्या उभ्या रेषेवर उलटवा : अ पुन्हा वर डावीकडे. आधी उलटवून मग फिरवा : अ खाली उजवीकडे. इथे एक हमखास चूक होते. उभी रेष टेबलावर आखलेली हवी, तुकड्यावर नको. तुकड्यावर आखली तर ती त्याच्याबरोबर फिरते, दोन्ही उत्तरं सारखी येतात आणि दाखवायचं तेच हुकतं.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न येणारच. पणजीतल्या जुन्या घरांवर आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगीत लाद्या असतात, तशी एक चौकोनी लादी घ्या. चार कोपरे, प्रत्येकाला तीनपैकी एक रंग. फिरवून सारख्या होणाऱ्या एकच धरल्या, तर खरोखर वेगळ्या लाद्या किती? रंगवायच्या रीती 81. फिरवण्याच्या रीती चार म्हणून चाराने भागलं तर 20.25 येतं, कारण एकरंगी लादी कशीही फिरवली तरी एकच राहते. म्हणून प्रत्येक क्रियेत न बदलणाऱ्या लाद्या मोजायच्या : काहीच न करता 81, पाव फेरीत 3, अर्ध्या फेरीत 9, पाऊण फेरीत 3. बेरीज 96, भागिले 4, उत्तर 24.

पारदर्शक काचेचा तुकडा असता तर उलटवण्याच्या चार क्रियाही धरून उत्तर 21 आलं असतं. लादीची मागची बाजू कोरी, त्यामुळे ती उलटवता येत नाही. फरक तीनचा : एक रंग शेजारच्या दोन कोपऱ्यांत, उरलेले दोन रंग एकेका कोपऱ्यात, अशा लाद्यांच्या तीन डाव्या-उजव्या जोड्या होतात.