ग्वाल्हेरच्या थंडीत एसीवर खर्च किती करायचा?

नोव्हेंबर ते मार्च एसी बंद राहणार असेल, तर दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला पैसे घालू नका. जाळ्या (फिल्टर) साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, तासभर एसी नुसत्या फॅन मोडवर चालवून आतली ओल घालवा आणि एसीचा एमसीबी (वीजबोर्डावरचा सुरक्षा-स्विच) पाडून ठेवा. बाहेरचं युनिट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत दमटपणा साचून गंज धरतो, उंदीर घर करून वायरी कुरतडतात. वरून पत्र्याचा तुकडा पुरे. पैसे देऊन करायची ती एकच सर्व्हिसिंग, मार्चअखेर. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली धूळ कॉइलमध्ये इतकी बसते की प्रेशर पंपाशिवाय निघत नाही.

हॉट अँड कोल्ड एसी असेल तर जानेवारीच्या धुक्यात बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो. तो वितळवायला मशीन पाच-दहा मिनिटं गरम हवा थांबवतं, बाहेर पाणी गळतं. हा बिघाड नव्हे. यासाठी मेकॅनिकला व्हिजिटचे पैसे देऊ नका.

खरा फटका गॅसचा. "दरवर्षी थोडा उडतोच" हे मुळीच मानू नका! यंत्रणा बंदिस्त असते. गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे, बहुधा फ्लेअर नटपाशी, म्हणजे तांब्याच्या नळीच्या जोडावर. आधी साबणाच्या फेसाने गळती शोधून दुरुस्त करायला लावा, मग नायट्रोजन दाबाने भरून तपासणी, व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढणं), आणि नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस, तोही काट्यावर मोजून. गळती न काढता नुसता टॉपअप केला, तर पुढच्या मे महिन्यात तेच बिल पुन्हा भराल.